वडील खूप घोरतात. डॉक्टरांनी सांगितलेली स्लीप स्टडी (रात्री झोपेतला श्वास तपासतात ती) घरी केली तर चालते का, की दवाखान्यात रात्रभर राहावं लागतं?

कुठेही करा, पण करा. घोरणं म्हणजे गाढ झोप असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. आमच्या काकांनी हेच सांगून आमची सात वर्षं घालवली.

आम्ही जिंतूर तालुक्यातले. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, घोरणं शेजारी ऐकू जायचं. दिवसा ते बोलता बोलता पेंगायचे. रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी द्यायला जातात म्हणून असेल, असं मलाही वाटायचं. एकदा परभणीहून येताना मोटारसायकलवर डोळा लागला आणि गाडी कडेच्या बाभळीवर गेली. खांद्याचं हाड मोडलं.

तेव्हा मी रात्री त्यांच्या उशाशी होते. घोरणं एकदम थांबलं. पोट वर-खाली होत होतं, पण नाकापुढे हात धरला तर वाराच नाही. मोबाइलवर सेकंद मोजले, 34 भरले. मग बुडता माणूस वर यावा तसा आचका देऊन त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा घोरायला लागले. मी रात्रभर मोजत बसले.

काका म्हणाले, "कामून पैसे घालायलीस? राबलेला माणूस घोरणारच. मशीन विकायचे धंदे हायेत हे."

संभाजीनगरला तपासणी केली. तासाला 47 वेळा श्वास अडत होता. 10 सेकंद किंवा जास्त अडला की तो धरतात. तासाला 5 च्या आत ठीक, 30 च्या वर तीव्र. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात: झोपेत घसा सैल पडून वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू झोप मोडून श्वास सुरू करतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. बीपीच्या तीन गोळ्या घेऊनही बीपी का उतरत नव्हता, ते तेव्हा कळलं. आणि हे नवं फॅडही नाही: नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवायचा उपाय कॉलिन सुलिव्हन यांनी सिडनीत पाच रुग्णांवर करून 1981 सालीच मांडला.

तुमचं विचारणं राहिलंच. लक्षणं ठळक असतील तर घरची चालते. हृदयाचा, फुफ्फुसाचा मोठा आजार किंवा लकवा झालेला असेल तर दवाखान्यातच करा. घरच्या यंत्रात बहुधा मेंदूची नोंद घ्यायला डोक्याला लावतात त्या तारा नसतात, त्यामुळे माणूस खरंच किती झोपला ते कळत नाही. रिपोर्ट चांगला आला आणि त्रास तसाच राहिला, तर पुन्हा दवाखान्यात करावी लागते.

घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो, आणि सडपातळ माणसालाही होतो. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. हवेचा दाब देणाऱ्या त्या मशीननं आजार जात नाही, लावलं त्या रात्रीपुरता श्वास मोकळा राहतो. वडील दारू घेत असतील तर आधी ती सोडवा, घसा आणखी सैल पडतो. मशीन घेतलं तर इन्व्हर्टरही घ्या. आमच्याकडे रात्री लाइट गेली की अण्णा उठून बसायचे.

दिवाळीत काका ओसरीवर झोपले होते. त्यांचेही मोजले, 26 सेकंद. तपासायला अजून तयार नाहीत. काकूला सांगून ठेवलंय, एकट्याला गाडीवर परभणीला जाऊ देऊ नकोस.