शिकवणाऱ्या मुलींचं मानधन बजेटमध्ये लपवू नका

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. दोन वर्षांच्या ट्रस्टला कंपनीचा सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्चायचा पैसा) मिळेल का, आणि वस्तीवरच्या अभ्यासिकेत शिकवणाऱ्या मुलींचं मानधन बजेटमध्ये दाखवलं तर अर्ज बाद होईल का.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: अजून वर्षभर थांबा. सीएसआरच्या नियमांत १२ए, ८०जी (या आयकराच्या) आणि सीएसआर-१ (ही कंपनी मंत्रालयाची) नोंदणी तर लागतेच, पण तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही लागतो. निधी देणाऱ्या खासगी धर्मादाय ट्रस्टना ही अट कायद्याने लागू नाही, त्यांचे निकष त्यांचे ते ठरवतात. सुरुवात तिथून करा.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र जरा बोलायचंय, कारण मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. आमच्या पहिल्या अर्जात मानधन मी 'शैक्षणिक साहित्य' या ओळीत दडपलं होतं. पैसे आले ते साहित्याचेच. दप्तरं, फळा, चटया, गोष्टींची पुस्तकं, सगळं पत्र्याच्या खोलीत येऊन पडलं. शिकवणाऱ्या मुलीला द्यायला काही नाही. दिवाळीनंतर ती कापडाच्या दुकानात लागली. निधी देणाऱ्यांचा माणूस बघायला आला तेव्हा पुस्तकांवरची प्लास्टिकची वेष्टणं तशीच होती. त्याने एक पुस्तक उचललं, खाली ठेवलं, आणि चहाही न घेता गेला.

मानधन दाखवायची ही भीती येते ऐकीव आकड्यांतून. 'प्रशासकीय खर्च ५ टक्केच' असं सगळे सांगतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेला नाही. दुसरा आकडा २० टक्क्यांचा. तो परदेशी निधीच्या कायद्यातला, २०२० च्या दुरुस्तीनंतरचा (आधी ५० होता). त्यातही शाळेतल्या शिक्षकांचे पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. तेव्हा स्वच्छ लिहा: शिक्षिका दोन, रोज अडीच तास, बारा महिने, मानधन इतकं. मुलांचं काम म्हणजे माणसांचाच खर्च. हे ज्याला पटत नाही त्याचे पैसे न आलेलेच बरे. अर्थात एखादी कंपनी स्वतःची वेगळी मर्यादा घालते. ते आधीच विचारून घ्या.

आर्थिक वर्ष संपत आलं की फेब्रुवारीत एखाद्या कंपनीचा अचानक फोन येतो, 'मार्चअखेर खर्च दाखवता येईल का?' मोह होतो. घाईत पुन्हा दप्तरंच येतात.

आणि एक. तुमचे एक विश्वस्त सोडून गेले असं लिहिलंत. धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची माहिती) दिलाय का? मुदत बदलापासून ९० दिवसांची असते. निधी देणारे शेड्यूल वनचा, म्हणजे त्याच कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा, उतारा मागतात आणि त्यावरची नावं अर्जावरच्या सह्यांशी ताडून बघतात. प्रस्ताव लिहायला बसण्याआधी तो उतारा काढून आणा.