टक्केवारी 30च आली, अपील करावं का?

शिवणकाम करणाऱ्या एक ताई प्लास्टिकच्या पिशवीतून दिव्यांग प्रमाणपत्र काढून समोर ठेवतात. अपघातानंतर उजवा गुडघा 40 अंशांपुढे वाकत नाही, आणि प्रमाणपत्रावर आकडा आहे 30. दिव्यांग हक्क कायदा 2016 नुसार लक्षणीय दिव्यांगत्वासाठी किमान 40 टक्के लागतात, म्हणून तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज अडला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पुढचा प्रश्न जवळपास प्रत्येकाच्या तोंडी असतो: "तक्रार केली तर डॉक्टर चिडतील, आहेत ते 30ही जातील?"

अपील म्हणजे कुणा डॉक्टरांची तक्रार नव्हे. तो याच कायद्याच्या कलम 59 ने दिलेला हक्क आहे. फेरतपासणीत आकडा खाली येऊ शकतो, हेही खरं. पण ताई 40 च्या खालीच आहेत, त्यांचं जाण्यासारखं फार नाही. ज्यांना 42 आहेत आणि 50 हवेत, त्यांनी मात्र दोनदा विचार करावा.

"माझ्यावर अन्याय झाला" एवढ्यावर अपील टिकत नाही. कुठला रकाना चुकला, ते दाखवावं लागतं, आणि त्यासाठी आधी मूल्यमापन पत्रक, म्हणजे तपासणीत कशाला किती आकडे दिले तो कागद, हातात हवा. मागून मिळालं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून स्वतःच्या पत्रकाची प्रत मागावी. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. मात्र त्या उत्तराची वाट बघत अपिलाची मुदत घालवू नका. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं, हे जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाकडून लेखी घ्या. अपील दाखल करा आणि त्यातच लिहा, "पत्रक मिळाल्यावर पुरवणी मुद्दे देईन." आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "पुढच्या बुधवारी या" हे तोंडी उत्तर कुठेच नोंदलं जात नाही, दिवस मात्र मोजले जातात.

ताईंच्या पत्रकात गतिशीलतेचे (पाय किती हलतो याचे) 30 भरले होते, स्थिरतेचा रकाना कोरा होता. पायाच्या मूल्यमापनात हे दोन वेगळे भाग आहेत. स्थिरतेत नऊ हालचाली पाहायच्या असतात: सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, बाधित पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. प्रत्येकीला 10.

मग रकाना कोरा का राहिला? "चालता येतं ना?" या प्रश्नाला ताईंनी "हो, येतं की" म्हटलं होतं. बहुतेक बायका असंच उत्तर देतात. पण खाली पडलेलं रीळ उचलायचं तर त्या एका हाताने टेबल धरतात, उजवा पाय काठीसारखा बाजूला सारतात आणि कमरेतून वाकतात. हे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे करून दाखवायला हवं होतं.

पुरवणी अर्ज एका पानाचाच झाला. स्थिरतेचा रकाना कोरा आहे, या हालचाली जमत नाहीत, फेरतपासणी व्हावी, एवढाच मजकूर. सोबत डिस्चार्ज कार्ड, ताजा एक्स-रे आणि गुडघा किती अंश वाकतो याची फिजिओथेरपिस्टची नोंद.

फेरतपासणीत स्थिरतेचे 24 लागले. 30 आणि 24 यांची सरळ बेरीज होत नाही. इथे फसगत होते आणि 54 न मिळाल्याने लोक पुन्हा खचतात. सूत्र असं: मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले (90 वजा मोठा आकडा) भागिले 90. म्हणजे 30 + 24 × 60 ÷ 90 = 46.

नवं प्रमाणपत्र हातात आल्यावर तहसीलमधला जुना अर्ज आपोआप जिवंत होईल असं धरून बसू नका. ताईंनी नव्या प्रमाणपत्रासह नवा अर्ज दिला, आणि या वेळी त्याची पोचही स्वतः मागून पिशवीत ठेवली.