सैन्याच्या पोलिसांत डेटा प्रोटेक्शन ऑफिसर म्हणून काम करणं कसं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात एलएलबी झालं, चार वर्षं एका आयटी कंपनीत प्रायव्हसीचं काम केलं, आता इंग्लंडमध्ये राहता आणि इथल्या मिलिटरी पोलिसांकडे डेटा प्रोटेक्शन ऑफिसरची जागा निघालेली दिसली. तिथे रोज करायचं काय असतं? आणि लष्करात सगळंच गुप्त असतं, तर त्यासाठी वेगळा अधिकारी कशाला?

मी हे काम ब्रिटनमध्ये सहा वर्षं करते आहे. मी सैनिक नाही, गणवेश नाही, हुद्दा नाही. साधी सिव्हिलियन कर्मचारी. दल कोणतं ते लिहीत नाही, आणि खालच्या प्रसंगांतले तपशील कुणाची ओळख पटू नये म्हणून बदललेत.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. गुपितं राखायला लष्कराकडे माणसांची कमी नाही. त्यांची नजर बाहेर असते, शत्रूवर. मला आत बघावं लागतं. तुमचाच विचार करा. तुमचा मॅनेजर एक, घरमालक दुसरा, डॉक्टर तिसरा आणि पोलीस चौकी चौथीच कुणाची तरी. यातल्या एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नाही, त्यामुळे तुम्ही निर्धास्त असता. सैनिकाचं तसं नाही. पगार देणारा, राहायला खोली देणारा, औषध देणारा, तपास करणारा, सगळे एकाच छत्राखालचे. आणि २००६ च्या आर्म्ड फोर्सेस अ‍ॅक्टनुसार किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा त्याचा कमांडिंग ऑफिसरच करतो. युनिट परदेशात असेल तर सोबत गेलेली बायकामुलंही याच पोलिसांच्या कक्षेत येतात. अशा ठिकाणी माहिती फुटायला हॅकर लागत नाही. मेसमधला एक चहा पुरतो, आणि तो बहुतेक वेळा चांगल्या मनानेच पाजलेला असतो. "आपलाच पोरगा आहे, काय झालंय ते कळलं तर सांभाळून घेता येईल," असं म्हणणारे मेजर खरोखर कळवळ्यानेच बोलत असतात. तरी त्यांना काय सांगायचं आणि काय नाही, हे कुणीतरी ठरवायला हवं, आणि ते कायद्याला धरून ठरायला हवं. माझं काम ते हे.

कायदा म्हणजे डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट, २०१८. त्याचा तिसरा भाग गुन्ह्यांचा तपास, खटले आणि शिक्षा हाताळणाऱ्या यंत्रणांसाठी आहे आणि त्यात नौदल, भूदल, हवाई दल या तिन्हींचे पोलीस येतात. डीपीओ, म्हणजे डेटा प्रोटेक्शन ऑफिसर, नेमणं त्यांना ऐच्छिक नाही. तुम्ही आयटी कंपनीत जीडीपीआर (वैयक्तिक माहिती जपण्याचे युरोपीय नियम) हाताळलाय, त्याचं ब्रिटिश रूप इथेही लागतं, पण पोलिसांच्या स्वतःच्या रजा, पगार, बदल्या वगैरेंपुरतं. तपासाच्या फाइलीला हात लागला की तिसरा भाग लागू होतो. एकाच सार्जंटची रजेची नोंद एका कायद्यात आणि त्याने लिहिलेली साक्ष दुसऱ्यात, ही सवय व्हायला मला वर्ष लागलं.

एक प्रसंग सांगते. बॅरकमध्ये मारामारी झाली होती. एकोणीस वर्षांचा एक मुलगा साक्षीदार होता. आठवड्याभराने त्याच्या युनिटच्या अ‍ॅडज्युटंटचा, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या (सीओंच्या) प्रशासकीय मदतनिसाचा, तपास अधिकाऱ्याला फोन आला की पोरगा सरावासाठी परदेशी जायचाय, सीओंना पूर्ण फाइल बघायचीय. आता, सीओंचा काहीच हक्क नाही असं नव्हतं. त्या मुलाच्या हातात बंदूक द्यायची की नाही हे त्यांनाच ठरवायचं होतं. पण फाइलमध्ये त्या मुलाने जबानीत सांगितलेलं आणखी एक वाक्य होतं: त्या रात्री तो जागा का होता. तो काही महिने समुपदेशकाकडे जात होता आणि झोप येत नाही हे त्याने युनिटमध्ये कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पोलिसांना सांगितलं, कारण त्याला खरी साक्ष द्यायची होती.

मी, तपास अधिकारी आणि आमचे कायदा सल्लागार बसलो. प्रश्न तीनच होते. सीओंना कोणता निर्णय घ्यायचाय? त्यासाठी कमीत कमी काय कळायला हवं? आणि त्याच्या तब्येतीमुळे कुणाच्या जिवाला धोका आहे का? असता, तर ते वाक्य आम्ही कळवलंच असतं. डॉक्टरांना आधीच माहिती होती, त्यांच्या मते धोका नव्हता. शेवटी सीओंना सहा ओळींचं पत्र गेलं: हा साक्षीदार आहे, संशयित नाही, साक्षीसाठी अमुक काळात इथे लागेल, शस्त्रांबाबत आमच्याकडून कोणतीही सूचना नाही. या सहा ओळींना तीन तास लागले. मुलगा सरावाला गेला. त्याला यातलं काहीच माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही.

तिसऱ्या भागातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. फाइलमधल्या माणसांची वर्गवारी स्पष्ट हवी: संशयित कोण, दोषी ठरलेला कोण, पीडित कोण, साक्षीदार कोण. त्याला लागूनच दुसरी अट आहे, वस्तुस्थिती आणि कुणाचं मत हे शक्य तितकं वेगळं दिसलं पाहिजे. वाचताना साधं वाटतं. पण एका जुन्या नोंदीत एका शिपायाबद्दल "वाईट संगतीत असतो" एवढंच लिहिलेलं मला सापडलं होतं. कुणी सांगितलं, कशावरून, कोणती संगत, काहीही नाही. ती नोंद कित्येक वर्षं तशीच पडून होती आणि त्याच्या नव्या नेमणुकीच्या पडताळणीत ती वर आली. लिहिणारा केव्हाच निवृत्त झालेला. आम्ही ती तपासली, तिला आधार मिळाला नाही, काढून टाकली. मधल्या काळात तिने त्या माणसाचं काय काय अडवलं असेल, हा प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे मोबाइल. एका तरुण महिला सैनिकाने लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. आरोपी तिच्याच युनिटमधला. तपासाला तिच्या फोनमधले दोघांमधले मेसेज हवे होते. तिच्यासमोर संमतीचा फॉर्म ठेवला गेला आणि तिने सही केली. फॉर्म माझ्याकडे आला तेव्हा त्यात लिहिलं होतं: फोनमधली सर्व माहिती.

ती सही मला खरी वाटेना. ज्या माणसाचा आयुष्यभर वरिष्ठाला "हो" म्हणण्याचा सराव झालाय, त्याच्यासमोर हुद्देदाराने कागद सरकवला तर ती संमती कसली? इथे २०२२ साली पोलीस आणि गुन्हेविषयक मोठा कायदा झाला, त्यात या बाबतीत चांगली तरतूद आली. फोन देणाऱ्याला लेखी सांगावं लागतं की कोणती माहिती हवी, का हवी, तुम्ही नकार देऊ शकता, आणि केवळ नकार दिला म्हणून तपास बंद होणार नाही. दडपण आणायचं नाही. हे तिला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

आणि त्या फोनमध्ये ती एकटी नव्हती. तिच्या आईचे रोजचे मेसेज होते, बहिणीच्या लग्नाचे फोटो होते, पाळीच्या तारखा नोंदवायचं अ‍ॅप होतं. आईने कुठेच सही केलेली नव्हती. तपास करणारा कॉर्पोरल तरुण होता, प्रामाणिक होता. तो म्हणाला, "मॅडम, काहीतरी सुटलं आणि नंतर कोर्टात आलं, तर केस माझ्यामुळे पडेल." त्याचं म्हणणं खरं होतं. आरोपीच्या बाजूचा पुरावाही शोधणं त्याच्यावर बंधनकारक असतं, आणि आरोपीचेही हक्क आहेत. मी "नाही" म्हणायला बसलेली नव्हते. मी त्याला विचारत गेले: कोणते दिवस? कुणाशी झालेलं बोलणं? घटनेनंतर तिने आधी कुणाला सांगितलं? अर्ध्या तासात त्याच्या वहीत नेमकी मागणी उतरली. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंतचे दोघांमधले मेसेज, एका मैत्रिणीशी झालेलं बोलणं आणि त्याच काळातले कॉल. पुढे तपासात आणखी काही निघालं, तर नवीन कारण लिहून पुन्हा विचारायचं.

नवा फॉर्म तिला तिच्या युनिटबाहेरच्या महिला अधिकाऱ्याने नीट वाचून दाखवला. तिने एकच विचारलं, "म्हणजे आईचे मेसेज कुणी वाचणार नाही ना?" मग सही केली. फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला परत मिळाला.

बाकीचं काम कोरडं आहे, ते भराभर सांगते. स्वतःबद्दलची माहिती मागणाऱ्या अर्जांना एका महिन्यात उत्तर द्यायचं, आणि तपासाला बाधा येईल किंवा दुसऱ्या कुणाची माहिती उघडी पडेल तेवढ्याच भागावर काळी पट्टी मारायची. कुठली नोंद कुणी, कधी उघडली याचा लॉग ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. तो मी दर महिन्याला चाळते, कारण ओळखीच्या माणसाची फाइल उघडून बघण्याचा मोह पोलिसांनाही होतो. नवीन सॉफ्टवेअर यायच्या आधी धोक्यांचं मूल्यमापन करायचं. दुसऱ्या देशाच्या पोलिसांना माहिती द्यायची तर कोणत्या आधारावर ते लिहून ठेवायचं. माहिती फुटली तर ७२ तासांत इन्फर्मेशन कमिशनरच्या, म्हणजे या कायद्यावर देखरेख करणाऱ्या, कार्यालयाला कळवायचं.

फुटण्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगते. ८ ऑगस्ट २०२३ ला उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहितीच्या अधिकारातल्या एका अर्जाला एक्सेल फाइल पाठवून उत्तर दिलं. त्या फाइलमध्ये एक लपलेलं शीट राहून गेलं होतं आणि त्यात ९,४८३ पोलीस व कर्मचाऱ्यांची माहिती होती. तिथे पोलीस असणं हे शेजाऱ्यापासूनही लपवावं लागतं, यावरून त्या लोकांच्या घरी काय झालं असेल ते समजा. दंड झाला साडेसात लाख पौंडांचा. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाचा एक ईमेल अफगाणिस्तानातून सुटकेची वाट पाहणाऱ्या २४५ जणांना गेला. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसत होते. त्याला साडेतीन लाखांचा दंड. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तशाच सुटकेसाठी अर्ज केलेल्या अफगाणांपैकी जवळपास १९,००० जणांचा तक्ता ईमेलने बाहेर गेला. ते ऑगस्ट २०२३ मध्ये लक्षात आलं, आणि कोर्टाच्या मनाई हुकुमामुळे लोकांना थेट जुलै २०२५ मध्ये कळलं. तिन्ही ठिकाणी शत्रूने काही फोडलं नव्हतं. म्हणून माझा आमच्याकडे एकच हट्ट असतो: एक्सेल फाइल बाहेर जाणार नाही. बघणाऱ्याला आकडे हवेत ना, मग ते नव्या कोऱ्या कागदावर टाइप करून द्या.

भारतात अशी जागा आहे का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. मी खडकीची. लाल बॅरे, पांढरा पट्टा आणि दंडावर एमपी (मिलिटरी पोलीस) लिहिलेली पट्टी लावलेले जवान बाजाराच्या रस्त्यावर बघतच मोठी झाले. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं तेव्हा मला त्या जवानांची आठवण झाली होती. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डीपीओ फक्त माहिती हाताळणाऱ्या ज्या संस्थांना केंद्र सरकार 'महत्त्वपूर्ण' म्हणून जाहीर करेल त्यांनाच नेमावा लागतो. गुन्ह्याच्या तपासाला बहुतेक जबाबदाऱ्यांतून सूट आहे, माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी राहते. देशाच्या सुरक्षेसाठी सरकार एखाद्या यंत्रणेला संपूर्ण सूटही देऊ शकतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, त्यांनी हे चित्र बदललं नाही. मला हे खटकतं. कोणत्याही सैन्यातल्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला न सांगितलेल्या गोष्टी असतातच, आणि त्या जपण्याने देशाच्या सुरक्षेला काही धक्का लागत नाही.

आता तुमच्या अर्जाबद्दल. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे असल्यामुळे इथल्या सिव्हिल सर्व्हिसच्या बहुतेक जागा तुम्हाला खुल्या असतात, पण काही जागा फक्त ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव असतात, त्यामुळे जाहिरातीतली ती ओळ आधी वाचा. सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी (गुप्त माहिती हाताळू देण्याआधीच्या पडताळणीसाठी) साधारण पाच वर्षांचं इथलं वास्तव्य बघितलं जातं, वरच्या पातळीसाठी दहा. तुम्हाला तेवढी झाली नसतील, तर तोवर एखाद्या साध्या पोलीस दलाच्या माहिती विभागात काम करा. मीही आधी तेच केलं, आणि काळी पट्टी कुठे मारायची हे तिथेच शिकले.

मुलाखतीला गेलात तर शेवटी तुम्हालाही प्रश्न विचारायची संधी देतील. तेव्हा विचारा, डीपीओ नेमकं कुणाला रिपोर्ट करतो? कायद्याप्रमाणे ते सर्वोच्च पातळीलाच असायला हवं, डीपीओला त्याच्या कामाबाबत कुणी हुकूम देता कामा नये, आणि ते काम केलं म्हणून त्याला शिक्षा किंवा बडतर्फीही करता येत नाही. उत्तर म्हणून प्रोव्होस्ट मार्शलचं, म्हणजे मिलिटरी पोलिसांच्या प्रमुखाचं, नाव आलं तर बिनधास्त पुढे जा. आयटी विभागाच्या प्रमुखाचं आलं, तर मागच्या डीपीओने नोकरी का सोडली तेही तिथेच विचारून घ्या.