जिल्हा परिषदेची शाळा ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिली तर दर्जा सुधारेल का?

छप्पर सुधारेल. शिकवणं सुधारेलच असं नाही. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीच्या शाळेत मी व्यवस्थापन समितीवर आहे, तिथलं बघून सांगतो.

कागदावर सत्ता कधीच खाली आली आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या विषयांत शिक्षण घातलं, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत ७५ टक्के पालक बसवले, निम्म्या बायका. समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा. करतो आम्ही. पण हातात पडतं ते समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान: पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार, त्यातलेही निदान दहा टक्के स्वच्छतेवर. वानरं एका दुपारी जेवढी कौलं फोडतात ती बदलायची, चिऱ्याच्या भिंतीला आलेली ओल बघायची, आणि खडू, प्रिंटरची शाई, विजेचं बिलही त्यातूनच. अनुदान पटावर मोजतात. पोरं नऊ राहिली म्हणून छप्पर लहान होत नाही ना! गणपतीत चाकरमानी वर्गणी काढतात, रंगरंगोटी होते, दात्यांची नावं लागतात. गळती मात्र जूनलाच लागलेली असते.

अशा कामांना ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठराविक कामाला न बांधलेल्या, निधीतून पैसे मिळू शकतात. गावाच्या आराखड्याची ग्रामसभा असते तेव्हा आयांना घेऊन जा. गटारं आणि पाखाड्यांच्या (पायवाटांच्या) यादीत शाळा आपणहून कोणी घालत नाही.

खरं दुखणं शिक्षकाचं. पगार राज्याचा, भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून, बदल्या ऑनलाइन. घाटावरून आलेले गुरुजी आंतरजिल्हा बदली मिळाली की जातात. त्यांचा दोष नाही, घर कोणाला नको असतं? पण ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक हवेत असं कायदा म्हणतो, आणि मागे उरलेल्या एकट्या बाई चार वर्ग, पोषण आहाराचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती सांभाळतात. २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, मग कित्येक वर्षं प्रशासक. दाद मागायला निवडून आलेली शिक्षण समितीच नव्हती!

म्हणून नेमणुका सरपंचाकडे द्याव्यात असं मी म्हणणार नाही. भावकी आधी, गुणवत्ता मागाहून, हे आपल्याकडे सांगायला नको. मला दोनच गोष्टी हव्यात: अनुदान ठरवताना पटाबरोबर इमारतही धरा, आणि नवा शिक्षक हजर झाल्याशिवाय जुन्याला कार्यमुक्त करू नका. दुसरीला पैसाही लागत नाही.