शाकाहारी हॉटेलात हाड निघालं : दावा मुंबईत लावायचा की जळगावात?

प्रश्न : आम्ही पाचोऱ्याचे. लग्नाच्या खरेदीसाठी घरचे सहा जण मुंबईला गेलो होतो. आई माळकरी, म्हणून मुद्दाम ‘शुद्ध शाकाहारी’ पाटी बघून हॉटेलात शिरलो. व्हेज बिर्याणीत आईच्या घासात हाडाचा तुकडा आला. फोटो आणि छोटा व्हिडिओ काढला. मॅनेजरने ताट उचलून आत नेलं आणि बिर्याणीचे पैसे कापतो म्हणाला. आम्ही नको म्हटलं, पूर्ण बिल भरून निघालो. बिल ३,४०० चं, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी धरून ३,९२७ रुपये, मुलाच्या मोबाइलवरून यूपीआयने दिले. २० रुपयांची पाण्याची बाटली ६० ला लावली ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा व्हॉट्सअॅप आला, ‘किचन में मिक्स हो गया, ऑनलाइन का ऑर्डर था’. आईला त्या रात्री उलट्या झाल्या, डॉक्टरकडे नेलं नाही. या गोष्टीला १२ दिवस झाले. पोलिसात जावं का? आणि कोर्टाच्या तारखांना मुंबईला कोण फेऱ्या मारणार?

उत्तर : भाऊ, फेऱ्या मारायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४(२)(ड) : तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचा व्यवसाय करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, सामनेवाल्याच्या गावी किंवा जिथे घटना घडली तिथेच जावं लागे. त्यामुळे ‘जाऊ द्या ना भो, मुंबईला कोण जातं’ म्हणत आपल्याकडची कितीतरी प्रकरणं बिलासकट खिशातच विरली. तुमची तक्रार जळगाव जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होईल. समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेणार, की घटना मुंबईची आहे, इथे अधिकारक्षेत्र नाही. म्हणून तक्रारीच्या पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदातच पाचोऱ्याचा राहता पत्ता आणि हे कलम लिहा, आधारची प्रत जोडा.

पोलिसांचं आधी संपवतो. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं २९९, मुद्दाम आणि दुष्ट हेतूने केलेल्या कृत्याला लागतं. स्वयंपाकघरातली सरमिसळ त्यात बसत नाही आणि मॅनेजरचा मेसेज तर ‘चूक झाली’ असंच सांगतो. तिथे हात घालून महिने घालवू नका.

तुमच्या प्रकरणाचा कणा तो मेसेजच आहे. शुद्ध शाकाहारी हॉटेलात मांसाहारी ऑनलाइन ऑर्डर आली कुठून? मोठ्या शहरांत एकाच भटारखान्यातून दोन-तीन नावांनी धंदा चालतो : पुढे शाकाहारी पाटी, मागच्या दाराने दुसऱ्या नावाची चिकन बिर्याणी. हे शोधायची सोपी खूण आहे. डिलिव्हरी अॅपवर प्रत्येक हॉटेलच्या पानाच्या तळाशी अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक असतो. तुमच्या बिलावरही तो असायला हवा, १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. आजच बसून त्या पत्त्याच्या आसपासची मांसाहारी नावं उघडा आणि क्रमांक ताडून पाहा. परवाना जागेगणिक असतो, त्यामुळे दोन नावांखाली एकच क्रमांक निघाला तर स्वयंपाकघर एकच. क्रमांक वेगळे पण पत्ता तोच, असंही होतं, तेही कामाचं आहे. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. नोटीस गेल्यावर अशी पानं रातोरात गायब होतात, म्हणून हे काम नोटिशीच्या आधी.

इथे प्रकरण ‘बिर्याणीत चुकून हाड’ एवढंच राहत नाही. शाकाहारी म्हणून पाटी लावायची आणि त्याच भट्टीवर मांस शिजतं हे सांगायचं नाही, ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. २०२५ मध्ये गाजलेल्या एका निकालात मुंबई उपनगरच्या आयोगाने शाकाहारी ग्राहकांची तक्रार फेटाळली होती. तिथे हॉटेल दोन्ही प्रकारचं जेवण देणारं होतं आणि एवढे कडक शाकाहारी असाल तर तिथे मागवलंच का, असा आयोगाचा सूर होता. समोरचे तो निकाल दाखवतीलच. तुमचं उत्तर पाटीत आहे, म्हणून पाटीचा फोटो नसेल तर मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाला सांगून आजच काढून घ्या.

आता कच्चा दुवा. तो तुकडा तुमच्याकडे नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० ने ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, पण तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. जेवताना असं कोण सांगतं म्हणा! तरी तुकडा स्वच्छ डब्यात बंद करून घेतला असता, मॅनेजरची सही घेतली असती, तर ‘लवंग किंवा दालचिनी असेल’ हा बचाव उभाच राहिला नसता. आता भिस्त फोटो-व्हिडिओवर. ज्या फोनवर काढले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत दबलेली असते, तिच्यातली मूळ तारीख-वेळ निघून जाते. मूळ फाइल केबलने काढून पेनड्राइव्हवर घ्या. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग : अ तुम्ही भरायचा, ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा म्हणावा असा आकडा-अक्षरांचा संच. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांत कोर्टाइतका अडकत नाही, पण प्रमाणपत्र जोडलेलं असेल तर समोरच्याची एक तारीख कमी होते.

आईच्या उलट्यांसाठी ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेचा दाखला आणायचा मोह होईल. आणू नका. उलटतपासणीत केसपेपरचा नंबर विचारला की खऱ्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो. आईच्या प्रतिज्ञापत्रात जे झालं तेवढंच लिहा.

नोटीस पाठवणं कायद्याने सक्तीचं नाही, तरी तुमच्या बाबतीत पाठवाच आणि या आठवड्यातच. कारण सीसीटीव्ही. बहुतेक ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरात जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढतं. तारीख, वेळ, टेबल क्रमांक देऊन ‘त्या दिवसाचं टेबलाचं आणि स्वयंपाकघराचं चित्रण जपून ठेवा’ असं स्पष्ट लिहा. उद्या त्यांनी ते दिलं नाही, तर आयोगाला त्यांच्याविरुद्ध अनुमान काढायला सांगता येईल. उत्तराला १५ दिवस द्या.

नोटिशी फुकट जातात त्या नावापायी. पाटीवरचं नाव हे दुकानाचं नाव, मालक कोणी व्यक्ती, भागीदारी किंवा कंपनी असते. बिलावरचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक (महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो) जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधमध्ये टाका, कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही दिसतील. नोटीस कायदेशीर नावाने, खाली व्यापारी नाव. २०२५ मध्ये पोस्टाची रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा.

तक्रारदार दोघं राहा, पैसे देणारा मुलगा आणि आई. पैसे मुलाने दिले तरी सेवेचा लाभार्थीही कायद्याने ग्राहक असतो. अर्ज मराठीत चालतो. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो, नाहीतर जळगावला आयोगात प्रत्यक्ष द्या. वकील सक्तीचा नाही. फीसाठी मोजली जाते ती हॉटेलला दिलेली रक्कम, मागितलेली भरपाई नाही, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे. मुदत घटनेपासून दोन वर्षं. सामनेवाल्याला जबाब द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५, त्यापुढे एक दिवसही नाही. कायदा तीन महिन्यांत निकाल सांगतो, तुम्ही त्याच्या कितीतरी पट धरून चाला.

मागणी किती? ३,९२७ परत, मानसिक त्रासाचे लाख-दीड लाख आणि तक्रारीचा खर्च. २५-५० लाख लिहिणाऱ्यांच्या अर्जाकडे आयोग आधीच संशयाने बघतो. प्रायश्चित्त म्हणून आईला पंढरपूर किंवा मुक्ताईनगरला नेलं असेल, तर तिकिटं आणि पावत्या जोडा.

सर्व्हिस चार्ज वेगळा मुद्दा म्हणून घ्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तो आपोआप बिलात जोडायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती उचलून धरली. तुमचे ३४० आणि त्यावरचा ५ टक्के जीएसटी १७, असे ३५७ रुपये. नुसत्या एवढ्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन पुरला असता, इथे एकाच अर्जात बसवा. बाटलीचा मुद्दा मात्र वगळा. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. तो मुद्दा घातलात तर समोरच्याला पहिला विजय फुकट मिळेल.

समांतर एक तक्रार मुंबईच्या अन्न व औषध प्रशासनाकडे द्या. मागितलं त्या प्रकारचं नसलेलं अन्न विकल्याबद्दल अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५० खाली ५ लाखांपर्यंत दंड आहे. तो सरकारजमा होतो, तुम्हाला छदाम मिळणार नाही. पण निरीक्षक स्वयंपाकघर बघून जो अहवाल लिहील, तो माहिती अधिकारात मागून जळगावच्या फायलीला लावता येतो.

हॉटेलवाला तडजोडीला येईल, बहुधा फोनवर. ‘पैसे द्या नाहीतर व्हिडिओ टाकतो’ असं बोलू नका, लिहूही नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीची उलटी तक्रार त्या एका वाक्यावर उभी राहते. पटलं तर आयोगासमोरच मध्यस्थीत मिटवा, म्हणजे त्यावर आदेश होतो आणि पैसे थकले तर वसुलीला दार उघडं राहतं.