बॉक्सर गॅटी आवडतो ना? आवडू दे, पण हात वर ठेव

ऐरोलीहून लोकल पकडून ठाण्याला बॉक्सिंग शिकायला येतोस, ही चिकाटी मला आवडली. पण तुझा प्रश्न वाचून हसू आलं: 'गॅटी मार खाऊनही चॅम्पियन झाला, मग बचाव कशाला?'

अरे, गॅटीने दोन वजनगटांत विश्वविजेतेपद मिळवलं, खरंय. प्रतिस्पर्धी मिकी वॉर्डशी 2002-03 मधल्या तिन्ही लढती मीही पुन्हापुन्हा बघतो. पण 2005 मध्ये फ्लॉइड मेवेदरसमोर सहाव्या फेरीनंतर गॅटीच्याच कोपऱ्याने (त्याच्या प्रशिक्षकाने) लढत थांबवली, तीही बघ. हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानोचंही तेच, मार खाऊन जिंकायचा. 49 पैकी 49 जिंकला, पण 1954 मध्ये एझार्ड चार्ल्सविरुद्ध त्याचं नाक उभं फाटलं होतं. आठव्या फेरीत चार्ल्सला नॉकआउट केलं म्हणून वाचला. त्याचा दम आणि ठोसा तुझ्याकडे नाही. माझ्याकडेही कधी नव्हता.

पहिले तीन महिने एवढंच कर:

- जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारलास की हात थेट गालाशी परत. नवीन पोरं तो कमरेपर्यंत सोडतात.
- हनुवटी खाली, डोळे उघडे. ठोसा येताना डोळे मिटतात ना, सगळ्यांचे मिटतात, सरावाने जातं.
- तलावपाळीला पहाटे पळ. दमलास की हात आधी खाली येतात.

स्पारिंगची, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीची, घाई नको. मी दुसऱ्याच आठवड्यात उतरलो होतो, माउथगार्डशिवाय. ओठाला टाके पडले आणि घरी आईचं बोलणं वेगळंच.

स्लिप, शोल्डर रोल वगैरे ठोसा चुकवायच्या युक्त्या नंतर. आधी हँडरॅप, म्हणजे ग्लोव्हजखालची हाताची पट्टी, नीट बांधायला शिक.