चालता येतं, पण उभं राहवत नाही

"कृत्रिम पायावर मी घरभर चालतो. पण नुसतं उभं राहायचं म्हटलं की डुलायला होतं. भीती मनातच बसलीय का?" साठीतल्या एका काकांचा हा प्रश्न. रक्तवाहिन्या बंद झाल्यामुळे त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. उत्तर मुलानेच देऊन टाकलं, "पाय व्यवस्थित बसलाय. बाबा उगाच घाबरतात." म्हणून तर रवानगी माझ्याकडे, समुपदेशनाला!

मी विचारलं, "काका, तोल नेमका कधी जातो?"

"तोंडाला साबण लावला की. आणि रात्री, दिवा लावायच्या आधी."

दोन्ही वेळा डोळ्यांचा आधार नसतो. म्हणजे शोध मनाच्या आधी शरीरात घ्यायला हवा.

आपण स्तब्ध उभे आहोत असं वाटतं तेव्हाही शरीर किंचित पुढेमागे झुकत असतं. तळव्याला ते कळतं आणि घोट्याचे स्नायू सावरून घेतात. गुडघ्याखालून पाय गेला की त्या बाजूची ही सोय संपते. कृत्रिम पाऊल भार पेलतं, पण बहुतेक पावलांना घोट्यातून आपणहून सावरता येत नाही. मग ते काम डोळे, कंबर आणि दुसरा पाय यांच्यावर येतं. मेख आहे ती या दुसऱ्या पायातच. अपघातात पाय गमावलेल्याचा दुसरा पाय बहुधा धडधाकट असतो. इथे मात्र त्याच्याही रक्तवाहिन्या खराब असू शकतात, आणि सोबत मधुमेह असेल तर तळवा बधिर झालेला असू शकतो.

"चांगल्या पायातली चप्पल निसटली तर कळतं का?"

"नाही हो. मागे वळून बघतो तेव्हा समजतं."

मुलाला हे नवीन होतं. 'घाबरू नका' म्हणणाऱ्या घरात माणूस अशा गोष्टी सांगणंच सोडून देतो, हे मी वारंवार पाहते. काकांची भीती खोटी नव्हती. पाय गमावलेल्यांपैकी साधारण निम्मे लोक वर्षभरात एकदा तरी पडतात, असं अभ्यासांत आढळलं आहे. पण भीतीपोटी उभं राहणंच टाळलं की सराव तुटतो, हेही तितकंच खरं.

फिजिओथेरपिस्टनी दोन वजनकाटे शेजारी ठेवून प्रत्येकावर एक पाय द्यायला सांगितलं. जवळजवळ सगळा भार 'चांगल्या' पायावर! आधाराचा दांडा धरून थोडाथोडा भार कृत्रिम पायाकडे न्यायचा सराव सुरू झाला. स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, बारीक झाल्याने सॉकेट, म्हणजे तो ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, सैल होत होतं. तिथे मोज्यांचा थर वाढवावा लागला. बधिर तळवा रोज तपासायचा हेही ठरलं, कारण त्याला झालेली जखम दुखून सांगत नाही. रात्री मंद दिवा कायम चालू, वॉकर पलंगाला लागून. कारण काढलेला पाय जागेवरच आहे असं अर्धवट झोपेत वाटतं आणि माणूस त्यावर भार द्यायला जातो.

"मग डुलणं थांबेल ना?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, "कमी होईल. पण डोळे मिटून पूर्वीसारखं उभं राहणं कदाचित जमणार नाही. तेव्हा साबण स्टुलावर बसूनच लावायचा."